इंजिनात पाणी गेलं तर विमा मिळतो का? कधी मिळतो, कधी नाही, आणि का

जोरदार पाऊस आणि नेमकी त्याच वेळेला मोठी भरती असं जुळून आलं की ठाण्यात वंदना सिनेमाच्या आसपास आणि नवी मुंबईत तुर्भे, सानपाडा, बेलापूरच्या सखल भागात काय होतं ते नव्याने सांगायला नको. पाणी ओसरतं आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येतो, गाडी पाण्यात होती, इन्शुरन्स मिळेल का? निम्मे लोक लिहितात मिळतो की, पूर म्हणजे नैसर्गिक आपत्ती आहे. उरलेले निम्मे म्हणतात एक रुपया देत नाहीत, आमच्या साडूच्या गाडीला हात वर केले. आणि गंमत अशी की दोन्ही बाजू खऱ्या असतात.

कारण पाण्यात सापडलेल्या गाडीचं नुकसान एक नसतं, दोन असतात. एक पाण्यामुळे झालेलं, म्हणजे सीट, कार्पेट, वायरिंग, भिजलेलं इंजिन. आणि दुसरं, आत पाणी असताना इंजिन फिरलं म्हणून झालेलं. बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं, गाडी चालू होत नाही एवढंच, पण मेकॅनिकला ही दोन वेगळी कामं असतात आणि विमा कंपनीला दोन वेगळे क्लेम. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी हे बघू की पाणी इंजिनात जातं कुठून

बऱ्याच लोकांना वाटतं सायलेन्सरमधून जातं. गाडी चालू असते तेव्हा सायलेन्सरमधून जोरात धूर बाहेर येत असतो त्यामुळे तिकडून पाणी सहसा आत घुसत नाही, बंद पडल्यावर पाइपात शिरतं ते वेगळं. खरा रस्ता पुढून आहे. इंजिनाला पेट्रोल-डिझेल जाळायला हवा लागते, ती हवा ओढून घेणाऱ्या पाइपचं तोंड बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली पुढच्या जाळीच्या किंवा हेडलाइटच्या मागे असतं, तिथून हवा एअर फिल्टरच्या डब्यात आणि मग सिलिंडरमध्ये. हे तोंड पाण्याखाली गेलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं, त्याला काय कळणार.

आता तुम्ही म्हणाल पाणी तर निम्म्या टायरपर्यंतच होतं, बॉनेटपर्यंत कुठे होतं? बरोबर, उभ्या पाण्याची पातळी तेवढीच असेल. पण तुम्ही घाईने गाडी दामटली की पुढे लाट उठते, किंवा शेजारून टीएमटीची बस नाहीतर डंपर गेला की त्याची लाट थेट जाळीवर आपटते. म्हणून निम्म्या टायरच्या वर पाणी असेल तर घालायचीच नाही, आणि अडकलातच तर पहिल्या गिअरमध्ये हळू, एका वेगात, पुढच्या गाडीला बरंच पुढे जाऊ देऊन.

सिलिंडरच्या आत काय होतं ते घरात करून बघता येईल. इंजेक्शनची रिकामी सिरिंज घ्या, टोकाला अंगठा दाबून दट्ट्या ढकला, हवा दबते. आता तीच सिरिंज पाण्याने भरून ढकला. हलणारच नाही. इंजिनाचा पिस्टन म्हणजे हाच दट्ट्या, पेट्रोल गाडीत तो हवेला साधारण दहा-अकरा पट दाबतो आणि डिझेलमध्ये पंधरा ते अठरा पट. हवेच्या जागी पाणी आलं की दाबणं शक्यच नसतं, पण खालून पिस्टनला ढकलणारा क्रँकशाफ्ट तर फिरतोय, वेगात आहे, मग दोघांच्या मध्ये अडकलेला जो दांडा असतो, कनेक्टिंग रॉड, तो वाकतो. कधी मोडतो आणि मोडलेला तुकडा इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. पाण्याने इंजिन असं अडकण्याला हायड्रोलॉक म्हणतात. डिझेलवाल्यांचं नुकसान जास्त मोठं होतं ते या जास्तीच्या दाबामुळेच.

आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी की इंजिन फिरतच नसेल तर रॉड वाकत नाही. पार्किंगमध्ये बंद उभी असलेली गाडी छतापर्यंत बुडाली तरी रॉड सरळच राहणार. त्या इंजिनातलं पाणी काढता येतं, ऑइल बदलता येतं, वेळेत केलं तर ते इंजिन वाचतं.

बंद पडली की चावीला हात लावायचा नाही

पाण्यात गाडी बंद पडते तेव्हा दर वेळी रॉड गेलेला असतोच असं नाही. पुष्कळदा फिल्टर भिजून हवा कमी पडते, नाहीतर कुठे सेन्सर ओला होतो आणि इंजिन नुसतंच थांबतं. म्हणजे तोपर्यंत खर्च काही हजारांचा असू शकतो. मागचे हॉर्न वाजवतायत, पाणी वाढतंय, आपण घाबरून चावी फिरवतो, एकदा, दोनदा, मग एखादं सिलिंडर पाणी ओढतं आणि खर्च लाखात जातो.

चावी म्हणजे फक्त चावी नाही. पुश बटण पण तेच. चार पोरं बोलवून धक्का मारून गिअर टाकणं तर त्याहून वाईट. आणि नवीन गाड्यांत सिग्नलला आपोआप इंजिन बंद होऊन क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की परत सुरू होतं ना, ती सिस्टीम पाणी दिसलं की बंद करून टाका, नाहीतर तुमच्या मनात नसताना गाडी स्वतःच स्टार्ट मारेल. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

इग्निशन बंद करायचं, पाणी चढत असेल तर आधी माणसं बाहेर काढायची, सामान नंतर. सुरक्षित असेल तर पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढायचे, नंबर प्लेट आणि आजूबाजूची ओळखीची जागा दोन्ही येतील असे. पाणी उतरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. आणि पाण्यातून बाहेर काढली म्हणून "बघू तरी चालू होते का" असं म्हणत परत बटण दाबायचं नाही, तेव्हा पण आत पाणी असतंच. टोइंग शक्यतो फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी पूर्ण वर ठेवून नेणाऱ्या ट्रकवर, विशेषतः ऑटोमॅटिक असेल तर.

पण माझा तर फुल इन्शुरन्स आहे!

फुल इन्शुरन्स नावाची पॉलिसी नसते, ते आपण एजंटच्या तोंडून ऐकलेलं नाव. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. नुसता तो असेल तर पुरात गाडी गेली, विषय संपला. तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी लागतो तो ओन डॅमेज, आणि दोन्ही एकत्र घेतले की त्याला काँप्रिहेन्सिव्ह म्हणतात, हाच तो फुल.

ओन डॅमेजमध्ये कुठल्या कारणाने झालेलं नुकसान भरून देणार त्याची यादी असते आणि त्यात आग, चोरी, दंगल, भूकंप, दरड याबरोबर पूर, वादळ आणि पाणी साचणं हे स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे ग्रुपवरचे पहिले निम्मे लोक बरोबर. पण खाली काय देणार नाही त्याची पण यादी असते. त्यात दोन गोष्टी बघा, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड, आणि परिणामी नुकसान. परिणामी नुकसान म्हणजे घटनेने थेट केलेलं नाही, त्यानंतर तुमच्या किंवा कोणाच्या कृतीमुळे पुढे वाढलेलं. आणखी पुढे अटींमध्ये एक वाक्य असतं जे कोणी वाचत नाही, त्याचा अर्थ असा की गाडी सांभाळण्यासाठी योग्य ती काळजी मालकाने घ्यायची, आणि दुरुस्तीआधीच गाडी चालवली आणि नुकसान वाढलं तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या डोक्यावर.

आता जोडून बघा. पाणी शिरलं हा पूर, तो कव्हर आहे. त्यानंतर चावी फिरवली आणि रॉड वाकला, कंपनी म्हणते हे पाण्याने नाही केलं, तुम्ही केलंत. त्यामुळे एकाच गाडीत कार्पेट, सीट, वायरिंगचे पैसे मंजूर होतात आणि इंजिनवर काट मारली जाते. साडूंचं बहुतेक हेच झालेलं असतं.

अहो पण मी परत स्टार्ट केलीच नव्हती, चालत्या गाडीतच पाणी शिरलं

हा सगळ्यात वादाचा मुद्दा आहे आणि माझ्या मते इथे ग्राहकाने गप्प बसू नये. वाकलेला रॉड एवढंच सिद्ध करतो की पाणी आत आलं तेव्हा इंजिन फिरत होतं. ते पहिल्याच झटक्यात फिरत होतं की नंतर स्टार्टर मारल्यामुळे, हे नुसत्या रॉडकडे बघून ठामपणे सांगता येत नाही. तरी रिपोर्टमध्ये सरसकट 'पाण्यात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने' असं छापून येतं. तुम्ही स्टार्ट केली नसेल तर क्लेम फॉर्मवर घटनेच्या वर्णनात तेच स्पष्ट लिहा, गाडी कुठे होती, समोरून कसलं वाहन आलं, इंजिन किती वाजता बंद पडलं, त्यानंतर सुरू करायचा प्रयत्न केला नाही, टोइंगला किती वाजता फोन केला. टोइंगच्या कॉलची वेळ, मेसेज, फोटोची वेळ हे सगळं तुमच्या बाजूने बोलतं.

आणि केली असेल तर खोटं लिहू नका. खोटी माहिती दिली म्हणून अख्खा क्लेम घालवता येतो, इंजिनाबरोबर कार्पेटचे पैसे पण जातील.

कंपनीचा दुसरा युक्तिवाद असा असतो की भरलेलं पाणी दिसत असताना तुम्ही गाडी घातलीतच का, म्हणजे काळजी घेतली नाही. घोडबंदर रोडला रोज अडकणाऱ्या माणसाला हे ऐकून हसायला येईल, मागे ट्रक पुढे ट्रक, यू टर्न घ्यायचा कुठे? पण म्हणूनच हा वाद नको असेल तर उपाय पॉलिसी घेतानाच करायचा असतो.

इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन

ॲड-ऑन म्हणजे मूळ पॉलिसीवर जादा प्रीमियम देऊन घेतलेलं जादा कव्हर. इंजिन प्रोटेक्ट किंवा इंजिन सिक्युअर अशा नावाने मिळतं, आणि पाणी शिरल्यामुळे किंवा ऑइल गळून गेल्यामुळे इंजिन, गिअरबॉक्सच्या आतल्या भागांचं जे नुकसान मूळ पॉलिसी नाकारते ते हे भरून देतं. मुंबई-ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात गाडी आहे आणि हे नाही, याला मी तरी काटकसर म्हणणार नाही. नवी मुंबईत तर सिडकोने पाणी धरून ठेवायला मोठमोठे धारण तलाव बांधलेत ते उगाच नाही, शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या हिशोबाने खालीच आहे.

पण याला पण अटी आहेत आणि प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. गाडी जुनी झाली की हे देत नाहीत, काही कंपन्या पाच वर्षांपर्यंत, काही त्याहून पुढे. काही ठिकाणी वर्षातून किती क्लेम याला मर्यादा. काही ठिकाणी पाण्याचा पुरावा दिसला पाहिजे आणि नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही लगेच पावलं उचलली पाहिजेत असं लिहिलेलं असतं, म्हणजे चावीचा प्रश्न इथेही पूर्ण सुटत नाही. ॲप वरून दोन मिनिटांत रिन्यू करताना हे नकळत टिक-अनटिक होतं त्यामुळे मेच्या आत एकदा पॉलिसीची पीडीएफ उघडून बघा ते आहे का. मेच्या आत म्हणतोय कारण २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मे लाच येऊन धडकला होता.

झिरो डेप आहे, मग चालेल ना?

नाही चालणार, आणि हा गोंधळ जबरदस्त आहे. झिरो डेप म्हणजे झिरो डेप्रिसिएशन, घसारा, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून त्याची उतरलेली किंमत, कापणार नाही एवढंच. कुठलं नुकसान कव्हर आहे हे तो ठरवत नाही, कव्हर असलेल्याचे पूर्ण पैसे मिळणार की कापून, हे तो ठरवतो. इंजिनचा क्लेमच नामंजूर झाला तर झिरो डेप कशावर लागणार?

झिरो डेप नसेल तर किती कापतात ते बघू. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, टायर, एअरबॅग यावर सरळ ५० टक्के. काचेवर काही नाही. बाकी धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, पहिले सहा महिने शून्य, मग ५, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पाच ते दहा वर्षं ४० आणि त्यापुढे ५० टक्के. म्हणजे समजा साडेतीन वर्षांची गाडी, इंजिनाचे धातूचे पार्ट १,२०,००० चे आणि प्लॅस्टिक-रबरचे २०,००० चे, तर क्लेम मंजूर होऊनसुद्धा ३०,००० अधिक १०,००० असे ४०,००० तुमच्या खिशातून. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्याच्या वर २,०००. वर इंजिन ऑइल, कूलंट, ग्रीस असल्या खर्चाचं ॲड-ऑन वेगळं, कन्झ्युमेबल्स म्हणून, ते नसेल तर तेही तुम्हीच. आणि फ्लशिंगला, म्हणजे इंजिन आतून धुऊन काढायला, ऑइल दोन-तीनदा बदलतात.

सर्व्हेयर येतो तेव्हा

क्लेमची सूचना त्याच दिवशी द्या, ॲप असो टोल फ्री असो, क्लेम नंबर घ्या. मोठ्या पावसानंतर सगळी सर्व्हिस सेंटरं भरलेली असतात, गाड्या गेटच्या बाहेर फुटपाथला लावलेल्या असतात, त्यात तुमची जितकी मागे तितका आत गंज. टोइंगचे पैसे मूळ पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच मिळत आलेत, रोडसाइड असिस्टन्स असेल तर तो वापरा.

सर्व्हेयर म्हणजे नुकसान किती आणि कशामुळे हे ठरवणारा परवानाधारक माणूस. तो आल्यावर बघा काय करतो. दार उघडून सीटच्या खाली बोट फिरवतो, चिखलाची रेघ कुठपर्यंत आहे ते बघतो, डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारतो. मग एअर फिल्टरचा डबा उघडायला लावतो. फिल्टरचा कागद ओला, फुगलेला, तळाला गाळ असेल तर पाणी हवेच्या वाटेने आलं हे तिथेच ठरलं. मग डिपस्टिक, ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय. हे सगळं त्याने बघायच्या आधी कोणी धुऊन पुसून साफ करून ठेवलं, तर नुकसान पाण्याने झालं हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. त्यामुळे सर्व्हेच्या आधी गाडी धुवू देऊ नका, इंजिन उघडू देऊ नका, आणि सर्व्हेयर लवकर येत नसेल तर कंपनीला ईमेल टाका की गाडी अमुक दिवसापासून इथे उभी आहे, गंज धरण्याची भीती आहे, ऑइल काढून पाणी बाहेर काढायची परवानगी द्या. फोनवर नाही, ईमेलच.

अजून एक. इंजिन उघडून बघायचा खर्च कोणाचा? सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो उघडल्याशिवाय कळणार नाही, सर्व्हेयर म्हणतो उघडा मग सांगतो, आणि उघडल्यावर क्लेम नामंजूर झाला तर उघडायची-बसवायची मजुरी तुमच्या नावावर. उघडायच्या आधी हा आकडा लेखी विचारून घ्या. माझ्या ओळखीच्या एकाला इंजिन सुटं करून ट्रेमध्ये ठेवलेलं दाखवलं आणि मजुरी भरल्याशिवाय गाडी हलवू देईनात, घासाघीस करण्याची ताकदच संपली ना मग.

दुरुस्तीत नक्की काय करायला हवं

चांगला मेकॅनिक लगेच स्टार्टर मारत नाही. तो स्पार्क प्लग काढतो, डिझेल असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग, आणि मग इंजिन हाताने पाना लावून फिरवतो. वरून वाट मोकळी असल्याने पाणी दाबलं न जाता पिचकारीसारखं बाहेर उडतं. मोकळं फिरलं तर चांगली बातमी. मग प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आला की तो किती उंचीला येतो ते मोजायचं, एखादा बाकीच्यांपेक्षा जरासा खाली थांबत असेल तर त्याचा रॉड वाकलेला आहे. कॉम्प्रेशन टेस्टमध्येही त्या सिलिंडरचं प्रेशर कमी दाखवतं.

हे मोजणं टाळून "चालू झाली की साहेब" म्हणून गाडी ताब्यात देणारे असतात. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी चालते पण, आवाज थोडा, थरथर थोडी, आणि काही महिन्यांनी एक्स्प्रेसवेवर रॉड तुटतो. तेव्हा पुराचा क्लेम बंद झालेला असतो. म्हणून मोजलेले आकडे जॉब कार्डवर लिहून मागा.

इंजिन सोडून पण बरंच आहे. गिअरबॉक्स ऑइल, ब्रेक, व्हील बेअरिंग, स्टार्टर, अल्टरनेटर, एसीचा ब्लोअर. कार्पेट आणि त्याखालचा फोम पूर्ण बाहेर काढून वाळवायचा, वरवर वाळवला तर महिन्याभरात कुबट वास आणि खालच्या पत्र्याला गंज. बऱ्याच गाड्यांत सीटखालून एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर जातात, ते बघायला सांगा. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे खाडीचं पाणी. भरतीला जे पाणी नाल्यातून उलटं रस्त्यावर येतं त्यात मीठ असतं, कनेक्टरच्या पिनांवर ते हिरवट गंज चढवतं, मग सहा महिन्यांनी पॉवर विंडो, मग हेडलाइट, मग सेन्सर, एकेक चाळे सुरू. क्लेम बंद करायच्या आधी वायरिंगचे कनेक्टर सोडवून साफ केले का हे विचारा, सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर, म्हणजे काम पटलं असं लिहून देण्याच्या कागदावर, सही त्यानंतर.

बाहेरच्या गॅरेजवाला निम्म्या पैशात करून देतो हे खरं आहे आणि क्लेम नामंजूर झालाच असेल तर तो मार्ग वाईट नाही, ब्लॉक शाबूत असेल तर रॉड, पिस्टन, बेअरिंग बदलून इंजिन उभं राहतं, सर्व्हिस सेंटर सहसा हाफ इंजिनच, म्हणजे ब्लॉक, क्रँकशाफ्ट, रॉड, पिस्टन असा जोडलेला अख्खा खालचा भाग, बदलायला सांगतं. फक्त गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचार करा.

दुरुस्तीपेक्षा गाडी सोडून दिलेली बरी, असं कधी

पॉलिसीवर आयडीव्ही लिहिलेला असतो, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची आजची किंमत. दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही ६ लाख असेल तर साडेचार लाखांच्या वर एस्टिमेट गेलं की झालं. मग पार्टवरचा घसारा वगैरे प्रश्न नाही, आयडीव्ही वजा सक्तीची वजावट मिळते, कर्ज असेल तर बँक आधी आपलं घेते, भंगार गाडी कंपनीकडे. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलेलं असेल तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग, एअरबॅग धरून एस्टिमेट तिथपर्यंत सहज पोचतं. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा, अशा गाड्यांची गणतीच नव्हती. रिन्यू करताना प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढणाऱ्यांना हे या दिवशी कळतं.

छोटं नुकसान असेल तर क्लेम करू का? एनसीबी जाईल ना

एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. क्लेम केला की शून्यावर. तुम्ही ५० वर असाल तर परत ५० ला पोचेपर्यंत पाच रिन्यूअलमध्ये तुमचे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के जातात, म्हणजे एकूण सव्वा वर्षाचा ओन डॅमेज प्रीमियम. तो सूट धरायच्या आधी ८,००० असेल तर साधारण १०,००० रुपये. नुसतं कार्पेट वाळवून ऑइल बदलून ७-८ हजारांत काम होत असेल तर क्लेम करू नका, इंजिन उघडायचं असेल तर एनसीबीचा विचारही करू नका.

इलेक्ट्रिक गाडीचं काय

हवा ओढणारं इंजिनच नाही त्यामुळे हायड्रोलॉक नाही. बॅटरी पॅक साधारण आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असं तपासलेलं. पण रात्रभर बेसमेंटमध्ये बुडालेली गाडी या हिशोबात बसत नाही. चार्जिंगला लावायची नाही, हाय व्होल्टेजच्या ऑरेंज केबलला हात लावायचा नाही, फ्लॅटबेडवर कंपनीच्या सेंटरला. पुराचा क्लेम मूळ ओन डॅमेजमध्येच येतो, बॅटरी-मोटरचं ॲड-ऑन वेगळं मिळतं.

क्लेम नाकारला तर

आधी कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली ते पण, आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. आपल्यासाठी बरं म्हणजे आता ठाण्यातच लोकपालाचं कार्यालय आहे, ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघरच्या तक्रारी तिथे जातात, जुन्या लेखांत वाचून पुण्याला पाठवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे, तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि वेळ जास्त लागतो.

तिथे काय मांडायचं? 'आम्ही गरीब, कंपनी मोठी' याला किंमत नाही. फोटोवरची वेळ, टोइंगचा कॉल, एअर फिल्टरचा फोटो, पिस्टनच्या उंचीचे आकडे, आणि हा प्रश्न की इंजिन परत सुरू केलं हे सर्व्हेयरने कशावरून ठरवलं.

आणि ब्लॉक बदलला असेल तर

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक किंवा हाफ इंजिन बदललं की तो नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नाही. सर्व्हिस सेंटरकडून नवीन ब्लॉकचं बिल आणि पत्र घेऊन आपल्या आरटीओत, ठाण्याची एमएच ०४ असो, वाशीची ४३ किंवा पनवेलची ४६, आरसीवर नोंद करून घ्या आणि तोच नंबर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत बदल करून घ्या. हे राहून गेलं तर पुढच्या क्लेमला किंवा गाडी विकताना अडतं, आणि तेव्हा ते बिल कुठल्या फाइलमध्ये आहे ते सापडत नाही, म्हणून गाडी ताब्यात घ्याल त्याच आठवड्यात.